अटारी २६०० चे गेम आज कसे खेळावेत: जुने, डब्यात राहिलेले आणि नव्याने लिहिलेले

अटारी २६०० म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं जुनं यंत्र, कन्सोल. त्याचा सुरुवातीच्या काळातला गेम दोन किंवा चार किलोबाइटचा. मोबाइलने काढलेला एक फोटो जेवढी जागा खातो तेवढ्यात असे शेकडो गेम मावतात. त्यामुळे हौशी माणूस कुठून तरी गेमचा अख्खा गठ्ठा उतरवून घेतो, दहा-बारा फाइली उघडतो, ठोकळ्यांची माणसं बघतो, कर्कश आवाज ऐकतो आणि तासाभरात सगळं बंद करतो. ‘त्या काळी लोक यावर खूश होते म्हणे!’ एवढं बोलून विषय संपतो.

हा लेख त्या माणसासाठी आहे. या गेमची निम्मी गंमत फाइलमध्ये नसतेच. ती पुस्तिकेत असते, कन्सोलवरच्या स्विचांत असते आणि या यंत्राला काय जमत नव्हतं हे ठाऊक असण्यात असते. म्हणून फाइली गोळा करण्याआधी थोडं यंत्राकडे बघू.

यंत्र: मेमरी १२८ बाइट

सप्टेंबर १९७७ मध्ये अमेरिकेत हा कन्सोल ‘अटारी व्हिडिओ कम्प्युटर सिस्टीम’ या नावाने आला. ‘२६००’ हे नाव १९८२ मधलं. आत ६५०७ हा प्रोसेसर, वेग १.१९ मेगाहर्ट्झ, आणि मेमरी १२८ बाइट. किलोबाइट नव्हे, नुसते बाइट. देवनागरीतलं एक अक्षर युनिकोडच्या नेहमीच्या (यूटीएफ-८) पद्धतीत किमान तीन बाइट घेतं, म्हणजे हे एवढंसं वाक्यसुद्धा त्या मेमरीत बसणार नाही.

खरी मेख पुढेच आहे. पडद्यावरचं अख्खं चित्र साठवून ठेवायला या यंत्रात जागाच नाही. टीआयए नावाची चिप टीव्हीचा किरण सरकत असताना त्याच क्षणी एकेक रेघ काढते, आणि पुढच्या रेघेत काय हवं ते प्रोग्रॅमने तिला वेळेत सांगायचं. एका रेघेला प्रोसेसरला मिळतात घड्याळाचे ७६ ठोके (क्लॉक सायकल). अमेरिकन टीव्हीवर दिसणाऱ्या अशा साधारण १९२ रेघा, आणि हा सगळा खटाटोप सेकंदाला ६० वेळा, दर खेपेला एक पूर्ण चित्र, म्हणजे एक फ्रेम. हलत्या वस्तू म्हणाल तर दोन खेळाडू, दोन गोळ्या आणि एक चेंडू. मागे जाड्याभरड्या ठोकळ्यांची पार्श्वभूमी. बस्स.

हे का सांगतोय? १९८२ च्या ‘पॅक-मॅन’मध्ये चार भुतं आहेत, आणि हार्डवेअरच्या दोन खेळाडूंपैकी एक खुद्द पॅक-मॅनला लागतो. मग चारही भुतांना एकच वस्तू आळीपाळीने वापरावी लागते. प्रत्येक भूत दर चौथ्या फ्रेमला, म्हणजे सेकंदाला पंधरा वेळाच दिसतं. तीच ती कुप्रसिद्ध लुकलुक. जुन्या काचेच्या टीव्हीचा फॉस्फर, म्हणजे पडद्याच्या आतला चमकणारा थर, थोडा वेळ उजळत राहायचा, त्यामुळे ती जरा निभून जायची. एलसीडीवर डोळे दुखतात. त्यावर उपाय पुढे आहे.

पहिली पायरी: स्टेला बसवा

लॅपटॉपवर खेळायचं तर ‘स्टेला’ हा एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम घ्या, दुसरं काही शोधत बसू नका. तो मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो आणि नव्वदच्या दशकापासून त्यावर सतत काम चालू आहे. गेमच्या फाइलींचं शेपूट बहुधा ‘बिन’ किंवा ‘ए२६’ असतं. त्या एका फोल्डरमध्ये ठेवा आणि स्टेलाला तो फोल्डर दाखवा.

गेम उघडला की पडद्यावर रंग बदलत राहतात, काहीतरी हलतं, पण जॉयस्टिकला दाद मिळत नाही. नव्वद टक्के नवखे इथेच अडकतात. गेम बिघडलेला नाही, तो ‘रीसेट’ची वाट बघतोय. स्टेलात एफ-२ म्हणजे रीसेट, म्हणजेच सुरू करा. एफ-१ म्हणजे सिलेक्ट. एकाच गेममधले वेगवेगळे प्रकार त्याने निवडायचे. ‘कॉम्बॅट’मध्ये असे २७ प्रकार आहेत, ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये ११२. पहिल्याच प्रकारावर मत बनवू नका.

मूळ कन्सोलवर दोन डिफिकल्टी स्विचही होते, प्रत्येक खेळाडूला एक. ‘ए’ म्हणजे अवघड, ‘बी’ म्हणजे सोपं. डाव्यासाठी एफ-५ आणि एफ-६, उजव्यासाठी एफ-७ आणि एफ-८. हे स्विच नुसता वेग वाढवत नाहीत, काही गेमचा स्वभावच बदलतात. ‘अ‍ॅडव्हेंचर’मध्ये उजवा स्विच ‘ए’वर टाकला की ड्रॅगन तुमच्या हातातली तलवार बघून पळ काढतात. सोपं झालं असं वाटतं, पण आता त्यांना गाठून मारायचं कसं?

आता सेटिंगमध्ये जाऊन फॉस्फरचा पर्याय चालू करा. मघाच्या भुतांवरचा इलाज तोच. स्टेला मागच्या फ्रेमची सावली थोडी रेंगाळू देते आणि लुकलुक पुष्कळ निवते. एखाद्या गेमचे रंग विचित्र दिसले, आकाश हिरवं आणि माणूस जांभळा, तर ती फाइल बहुधा युरोपातल्या पाल या टीव्ही पद्धतीच्या आवृत्तीची असते (अमेरिकेतली पद्धत एनटीएससी). स्टेला बऱ्याचदा आपणहून ओळखते, नाही ओळखलं तर गेमच्या गुणधर्मांत जाऊन स्वरूप बदला.

पॅडलचे गेम वेगळे. ‘काबूम’, ‘ब्रेकआउट’, ‘वॉरलॉर्ड्‌स’ हे गोल फिरणाऱ्या मुठीसाठी लिहिलेत. त्यांना कीबोर्डवर खेळणं म्हणजे शिक्षा. स्टेलात माऊस पॅडलचं काम करतो आणि बरा करतो.

दुसरी पायरी: गेम आणायचे कुठून

इंटरनेटवर सगळं पडलेलं आहे हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. तरी हे गेम बेवारस नाहीत. अटारीचे हक्क आजच्या अटारीकडे आहेत, अ‍ॅक्टिव्हिजनचे अ‍ॅक्टिव्हिजनकडे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ नुसार प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला बॅकअप ठेवता येतो. त्याचा अर्थ कुठूनही काहीही उतरवा असा होत नाही.

सरळ रस्ता म्हणजे २०२२ मधला ‘अटारी ५०’ हा संग्रह. पीसी, स्विच, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स सगळीकडे मिळतो. अटारीच्या वेगवेगळ्या यंत्रांचे शंभरावर गेम त्यात आहेत, शिवाय मुलाखती, जाहिराती, स्केचेस. माझ्या मते सुरुवात इथूनच करावी, कारण गेमच्या आजूबाजूचा मालमसालाही हाताशी येतो. होमब्रू गेमचं, म्हणजे हौशी लोकांनी या यंत्रासाठी नव्याने लिहिलेल्या गेमचं, आणखी सोपं: त्यातले कित्येक त्यांच्या लेखकांनीच मोफत ठेवलेत.

तिसरी पायरी: आधी पुस्तिका, मग जॉयस्टिक

चार किलोबाइटमध्ये सूचना लिहायला जागा कुठली? कथा, नियम, खुणा सगळं छापील पुस्तिकेत जायचं. मूळ पुस्तिकांचे स्कॅन सहज सापडतात. गेम उघडण्याआधी पाच मिनिटं ती वाचा. हा सल्ला तुम्ही टाळणार याची मला खात्री आहे, म्हणून दोन उदाहरणं.

‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ (१९८२) उघडलात तर पहिल्या जॉयस्टिकने नायक हलणारच नाही. तुम्ही फाइल खराब म्हणून फेकून द्याल. हा गेम एका माणसाने दोन जॉयस्टिक घेऊन खेळायचा आहे: उजव्या पोर्टवरच्या जॉयस्टिकने माणूस चालतो, डाव्याने त्याच्या झोळीतल्या वस्तू निवडायच्या. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय. पडद्यावर त्याचा मागमूस नाही.

दुसरं ‘सोर्डक्वेस्ट’. चार गेमची मालिका आणि सोबत सोन्या-रत्नांची खरीखुरी बक्षिसं, अशी अटारीची योजना होती. योग्य खोलीत योग्य वस्तू ठेवल्या की पडद्यावर दोन आकडे उमटतात. ते आकडे म्हणजे गेमबरोबर आलेल्या कॉमिकमधलं पान आणि चौकट. तिथल्या चित्रात शब्द लपलेला. कॉमिक शेजारी नसेल तर तुम्ही खोल्यांतून वस्तू हलवत बसलेले हमाल आहात, दुसरं काही नाही. ‘अर्थवर्ल्ड’, ‘फायरवर्ल्ड’ आणि ‘वॉटरवर्ल्ड’ निघाले. चौथा ‘एअरवर्ल्ड’ त्या काळी आलाच नाही. ‘अटारी ५०’मध्ये त्याची नव्याने कल्पून केलेली आवृत्ती आहे.

चौथी पायरी: जुन्यातले कोणते, आणि कसे

घरात दुसरा माणूस असेल तर ‘कॉम्बॅट’. एकट्याला त्यात करण्यासारखं काहीच नाही, गेम दोघांसाठीच आहे. एकटे असाल तर ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९८०). खऱ्या कन्सोलवर रीसेट दाबून धरून पॉवर चालू केली तर एकाऐवजी दोन गोळ्या सुटतात.

मग अ‍ॅक्टिव्हिजन. अटारीतून बाहेर पडलेल्या प्रोग्रॅमरांनी १९७९ मध्ये काढलेली ही कंपनी. तिचे गेम अजूनही उघडल्या उघडल्या हातात बसतात. कॅरोल शॉ यांचा ‘रिव्हर रेड’ चार किलोबाइटमध्ये लांबच लांब नदी दाखवतो. ती नदी कुठे साठवलेली नाही. एका आकड्यावरून पुढचा आकडा काढत ती दर वेळी जशीच्या तशी तयार होते. डेव्हिड क्रेन यांच्या ‘पिटफॉल’चे २५५ पडदे त्याच जातीच्या युक्तीतून आलेत. वीस मिनिटांत ३२ खजिने शोधायचे. एक टीप: उजवीकडे नव्हे, डावीकडे पळा. ओंडके मागून येतात आणि चुकवायला वेळ मिळतो. भुयारातून गेलात तर एका झटक्यात तीन पडदे ओलांडता, पण कुठलं भुयार भिंतीपाशी संपतं हे कागदावर टिपून ठेवावं लागतं.

आणि ‘अ‍ॅडव्हेंचर’ (१९८०). इथे जरा जास्त वेळ थांबा. हिरो म्हणजे एक चौकोन, ड्रॅगन बदकासारखे दिसतात, आणि एक वटवाघूळ तुमच्या हातातली वस्तू पळवून भलतंच काहीतरी हातात देऊन जातं. वॉरन रॉबिनेट यांनी तो लिहिला. त्या काळी अटारी गेमवर प्रोग्रॅमरचं नाव छापत नसे, म्हणून त्यांनी कंपनीला न सांगता आत एक खोली लपवली.

तिथे असं जायचं. सिलेक्टने दुसरा प्रकार घ्या. पूल घेऊन काळ्या किल्ल्यातल्या चक्रव्यूहात जा आणि एका बंदिस्त कप्प्यात पुलावरून उतरा. तिथे एक ठिपका आहे, पण तो पार्श्वभूमीच्याच राखाडी रंगाचा, त्यामुळे दिसत नाही. भिंतींना अंग घासत फिरलात की चिकटल्याचा आवाज येतो. तो ठिपका घेऊन सोन्याच्या किल्ल्याच्या खाली, उजवीकडच्या खोलीत या. कडेला एक बारीक उभी रेघ आहे, एरवी ती ओलांडता येत नाही. त्या खोलीत आधीच आणखी दोन-तीन वस्तू आणून ठेवा. आता यंत्राला इतक्या वस्तू एकदम काढता येत नाहीत, सगळं लुकलुकायला लागतं, त्यात ती रेघही. रेघ लुकलुकली की तुम्ही पार. पलीकडे रॉबिनेट यांचं नाव झळकतं. ‘पॅक-मॅन’मध्ये जी मर्यादा शिव्या खाते, तीच इथे किल्ली झाली आहे.

‘ई.टी.’ बद्दल थोडक्यात. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांनी तो साधारण पाच आठवड्यांत लिहिला, १९८२ च्या नाताळाला आला, आणि उरलेल्या मालासोबत न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरला गेला. २०१४ मध्ये खोदून काही कॅसेट वर काढल्या. जगातला सर्वांत वाईट गेम वगैरे काही नाही तो. पुस्तिका वाचा, खड्ड्यांच्या कडेपासून लांब राहा आणि खड्ड्यातून वर आल्यावर लगेच बाजूला सरका.

पाचवी पायरी: कधीच न आलेले गेम

१९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला आणि कितीतरी गेम तयार होऊन, किंवा तयार होता होता, कपाटात राहिले. ते आज आपल्यापर्यंत पोचले ते ईप्रॉम चिपांवरून. ऑफिसात चाचणीसाठी केलेल्या या प्रती. चिपवर काचेची खिडकी, खिडकीवर स्टिकर. स्टिकर निघाला आणि अतिनील प्रकाश आत गेला की मजकूर पुसला जातो. म्हणून संग्राहकांच्या हाती असा बोर्ड आला की पहिलं काम त्याची डिजिटल प्रत काढणं. तुमच्या हाती चुकून असा बोर्ड आलाच तर स्टिकर खरवडू नका.

असे प्रोटोटाइप, म्हणजे चाचणीच्या प्रती, खेळताना तीन गोष्टी सांभाळा. एकाच गेमच्या वेगवेगळ्या तारखांच्या प्रती फिरत असतात, त्यातली सर्वांत नंतरची घ्या. आवाज नाही, गुण मोजले जात नाहीत, तिसऱ्या पातळीनंतर गेम गोठतो, असं काही झालं तर दोष स्टेलाचा धरू नका. आणि पुस्तिका नसणार, तेव्हा सगळे स्विच हलवून बघा. अर्धवट कामात नेमकं काय कशाला जोडलंय याचा भरवसा नाही.

सुरुवातीला ‘सॅबोटर’ घ्या. ‘यार्स रिव्हेंज’ लिहिणाऱ्या वॉरशॉ यांचंच हे काम, आणि बऱ्यापैकी पूर्ण. पुढे त्यालाच एका टीव्ही मालिकेचं रूप द्यायचं ठरलं आणि तेही राहिलं. हा ‘अटारी ५०’मध्ये आहे, त्यामुळे शोधाशोध नको. दुसरा ‘सेव्ह मेरी’, टॉड फ्राय यांचा, हो, १९८२ चा तो ‘पॅक-मॅन’ लिहिणारेच. खोल घळीत मेरी अडकलीय, पाणी चढतंय, आणि तुम्ही क्रेनने वरून ठोकळे सोडून तिला चढायला पायऱ्या रचून द्यायच्या. घाई केलीत तर ठोकळा तिच्याच डोक्यावर. ज्यांना फ्राय म्हणजे लुकलुकणारी भुतं एवढंच माहीत आहे त्यांनी हा खेळून बघावा.

सगळेच प्रोटोटाइप मौल्यवान असतात अशी एक हवा आहे. तसं नाही. काही रद्द झाले ते योग्यच झालं.

सहावी पायरी: होमब्रू

कन्सोलचं उत्पादन १९९२ च्या आरंभी थांबलं, पण गेम लिहिणं थांबलं नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून हौशी लोक या यंत्रासाठी नवे गेम लिहितायत आणि त्यांच्या कॅसेट, खोके, पुस्तिका काढतायत. त्यातला दर्जा थक्क करणारा आहे. मात्र त्यात दोन जाती आहेत.

एक जात जुन्याच मर्यादेत राहणारी. मायक्रोसॉफ्टमध्ये वरच्या पदावर राहिलेले एड फ्राइज यांनी २०१० मध्ये ‘हेलो २६००’ चार किलोबाइटमध्ये बसवला. डेनिस डेब्रो यांचा ‘पॅक-मॅन ४के’ तर मूळ गेमइतक्याच जागेत लिहिलेला. तो आणि १९८२ चा ‘पॅक-मॅन’ एकामागोमाग एक चालवा. पुस्तकी माहितीपेक्षा त्या दहा मिनिटांत जास्त कळतं.

दुसऱ्या जातीच्या कॅसेटमध्येच आधुनिक एआरएम चिप असते आणि जड कामं ती करते. हे फसवणूक नव्हे. ‘पिटफॉल २’ मध्ये क्रेन यांनी १९८४ मध्येच कॅसेटमध्ये जास्तीची चिप घातली होती. दिसायला हे गेम फार देखणे असतात. मला स्वतःला पहिली जात जास्त आवडते. व्यवहाराची गोष्ट अशी की एआरएमवाले गेम स्टेलात चालतात, खऱ्या कन्सोलवरही चालतात, पण नव्या नकली कन्सोलांवर चालतीलच असं नाही. विकत घेण्याआधी विक्रेत्याला विचारा.

सातवी पायरी: खरं यंत्र हवंच असेल तर

सोपा पर्याय ‘अटारी २६००+’. २०२३ मध्ये आला, एचडीएमआय आहे, जुन्या कॅसेट चालतात. आत मात्र स्टेलाच आहे: कॅसेट लावली की तो तिची प्रत वाचून घेतो आणि मग चालवतो. म्हणून एसडी कार्डवाल्या कॅसेट, म्हणजे ज्यांत कार्डावरून गेमच्या फाइली भरता येतात त्या, त्यात अडखळतात.

अमेरिकेतल्या नातेवाइकाने गॅरेज सेलमध्ये घेतलेला जुना कन्सोल सामानातून आणला, असं आपल्याकडे बरेचदा होतं. त्याचा मूळ अडॅप्टर ११० व्होल्टचा. तो इथल्या सॉकेटला लावाल तर अडॅप्टर गेला समजा. कन्सोलला लागतात ९ व्होल्ट डीसी, ५०० मिलिअँपिअर किंवा जास्त, आणि प्लग हेडफोनसारखा साडेतीन मिलिमीटरचा, टोकाला धन आणि बाहेर ऋण. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात असा अडॅप्टर करून मिळतो. लावण्याआधी मल्टिमीटरने ध्रुव तपासा. प्लग आधी कन्सोलमध्ये घाला, मगच भिंतीवरचं बटण चालू करा, कारण हा प्लग आत सरकताना क्षणभर शॉर्ट होऊ शकतो.

चित्राचं दुखणं निराळं. अमेरिकन कन्सोल एनटीएससी, आपण पाल. आणि पाल पालमध्येही फरक: ब्रिटनमधून आणलेला कन्सोल आपल्या टीव्हीवर चित्र दाखवेल पण आवाजाच्या जागी खरखर येईल, कारण तिथे ध्वनी ६ मेगाहर्ट्झवर आणि आपल्याकडे साडेपाचवर. दोन्हींवर चांगला उपाय एकच, अँटेनाची वाट सोडून कंपोझिट आउटपुटचा बोर्ड बसवून घेणं. पालवर काही गेम सेकंदाला ६० ऐवजी ५० फ्रेमने संथ वाटतात. गेमवर प्रेम असेल तर एनटीएससी कन्सोल घ्या आणि तो सिग्नल घेणारा टीव्ही शोधा.

कॅसेट चालत नसेल तर तिच्यावर फुंकर मारू नका, तोंडातल्या दमटपणाने संपर्क गंजतात. इअरबड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पट्ट्या पुसा, काळं यायचं थांबेपर्यंत इअरबड बदलत राहा, पूर्ण वाळू द्या. पॅडल फिरवताना चित्र थरथरत असेल तर आतल्या पोटेन्शिओमीटरवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून मूठ दोन्ही टोकांपर्यंत पुष्कळदा फिरवा.

स्वतः लिहायचं असेल तर

बॅटारी बेसिक ही भाषा घ्या. दोन-तीन संध्याकाळींत ठोकळा पडद्यावर हलायला लागेल. यंत्र खरंच समजून घ्यायचं असेल तर मात्र असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या अगदी जवळची भाषा, आणि तिचं यंत्राच्या कोडमध्ये रूपांतर करणारा डॅझम हा असेंब्लर. काहीही बसवायचं नसेल तर ‘८बिटवर्कशॉप’ ब्राउझरमध्येच चालतं. डावीकडे कोड, उजवीकडे चित्र.

पहिला प्रोग्रॅम प्रत्येक रेघेला पार्श्वभूमीचा रंग बदलण्याचा करा. पडद्यावर रंगांचे पट्टे येतील. मग स्टेलात फ्रेमची माहिती दाखवणारा पर्याय चालू करून रेघांचा आकडा बघा. एनटीएससीला तो २६२ हवा: ३ रेघा उभ्या सिंकच्या (नवी फ्रेम सुरू झाल्याची टीव्हीला खूण), ३७ वरच्या कोऱ्या, १९२ चित्राच्या आणि ३० खालच्या. आकडा २६२ वर स्थिर राहत नसेल तर स्टेला कदाचित निमूटपणे चालवून घेईल, पण तीच फाइल एसडी कार्डवाल्या कॅसेटमधून खऱ्या कन्सोलवर नेलीत की जुन्या टीव्हीवरचं चित्र वर-खाली धावायला लागेल. तेव्हा ठोके मोजा, एखादी रेघ कमी-जास्त पडतेय ती शोधा, आणि मगच दुसरा ठोकळा हलवायच्या मागे लागा.